स्थानिक इतिहास मंडळ चालविणाऱ्यांसाठी आणि त्यात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील एका लहान इतिहास मंडळाचा कार्यवाह म्हणून काम करताना नवे स्वयंसेवक, पदाधिकारी आणि कागद देऊ इच्छिणारी कुटुंबे यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण मंडळे नेमकी त्याच ठिकाणी अडखळतात असा माझा अनुभव आहे.

पुण्यात इतक्या मोठ्या संशोधन संस्था असताना पेठेपुरत्या मंडळाची गरज काय?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे, आणि त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. या संस्थांचे काम आपण करू शकत नाही आणि करण्याचे कारणही नाही. मात्र आपल्या बोळातील तालीम कोणी उभी केली, अमुक वाड्यात भाड्याने राहणारी बिऱ्हाडे कोणती होती, पेठेतील हौद बुजविला तेव्हा पाणी भरायला बायका कोठे जाऊ लागल्या, या गोष्टी राज्याच्या दफ्तरात सहसा सापडत नाहीत. त्या घरोघरच्या वह्यांत, लग्नपत्रिकांत, भाडेपावत्यांत आणि माणसांच्या आठवणीत असतात. जुना वाडा पुनर्विकासाला जातो तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि ती दोन-तीन दिवसांत रद्दीत जाते. त्या दोन-तीन दिवसांत त्या घरापर्यंत पोहोचू शकेल असा माणूस पेठेतलाच असावा लागतो. लहान मंडळाची खरी गरज ही आहे.

स्वयंसेवक होण्यासाठी इतिहासाची पदवी किंवा मोडी लिपी येणे आवश्यक आहे का?

नाही. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, शाळेतल्या शिक्षिका आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. हिशेबनीस माणसाच्या हाती जुनी कीर्द-खतावणी दिली तर ज्या ओळीवर इतिहासाचा पदवीधर थबकतो ती ओळ तो सहज वाचतो, हे आम्ही पाहिले आहे.

मोडी पुढे शिकावी. पुण्यात तिचे वर्ग नियमित होतात आणि रोज अर्धा तास सराव केला तर काही महिन्यांत सुवाच्य पत्र वाचता येऊ लागते. अक्षरापेक्षा जास्त अडतो तो मजकुरातील काळ. पेशवाईतील पत्रात वर्ष अनेकदा अरबी अंकवाचक शब्दांत लिहिलेले असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे दिसले की इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, अशी बेरीज करून सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या पत्रांतील वर्षगणनेतला सन, ११६१ मिळतो. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होत असल्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रासाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पत्र जानेवारीतील असेल तर साल १७६१ येते, म्हणजे पानिपतचा महिना. तारखेआधी येणारा ‘छ’ चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्यातील तिथीचा निदर्शक असतो. ज्याला हे कोष्टक एकदा बसले त्याला पुढची कित्येक पत्रे स्वतः लावता येतात, आणि त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा असतो.

नव्या स्वयंसेवकाला सुरुवातीला कोणते काम द्यावे?

दाखल नोंदवहीत, म्हणजे मंडळाकडे आलेल्या कागदांची नोंद ठेवणाऱ्या वहीत, नोंद करण्याचे. पुष्कळ मंडळांत नव्या माणसाला खुर्च्या मांडायला किंवा पत्रके वाटायला सांगतात आणि तो तिसऱ्या कार्यक्रमानंतर येईनासा होतो. त्याला जुन्या सदस्याशेजारी बसवून एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडायला द्यावा.

ती बैठक अशी असते : टेबलावर धुतलेली पांढरी चादर, दोघांचे हात कोरडे व स्वच्छ, चहाचा कप दुसऱ्या खोलीत, लिहायला फक्त शिसपेन्सिल. रुमालाची गाठ सावकाश सोडायची. घडी उलगडताना शाई टिपण्यासाठी टाकलेल्या वाळूचे कण कधी कधी अजूनही चादरीवर पडतात. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने चिमटीने टाकलेली ती वाळू असते. मग पाहायचे की कागद एकच आहे की एकाखाली एक चिकटविलेले बंद, म्हणजे कागदाचे तुकडे, आहेत, जोडावर मागच्या बाजूने शिक्का आहे का, शेवटी ‘मोर्तब सुद’ किंवा मोर्तबाचा शिक्का आहे का. शेवटचा शिक्का असेल तर पत्र पूर्ण आहे हे मजकूर वाचण्याआधीच बरेचसे कळते. वरच्या कागदाचा क्रम बदलायचा नाही, कारण ज्या क्रमाने घरात ते बांधले गेले तो क्रमही माहिती देतो. मग नोंदवहीत क्रमांक, दिनांक, देणाऱ्याचे नाव, कागदांची संख्या, अवस्था आणि देण्याची अट. दोन तासांत दहा-बारा कागदांची नोंद झाली तरी ते चांगले काम समजावे.

आमच्या घरी जुनी कागदपत्रे आहेत. ती मंडळाला द्यायची झाल्यास काय करावे?

प्रथम एक विनंती : आम्ही येईपर्यंत काहीही साफ करू नका, निवडू नका आणि ‘हे बिनकामाचे’ म्हणून बाजूला टाकू नका. वाण्याच्या दुकानाची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी आम्हाला सनदेइतकीच हवी असते.

देण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतला कोणता हे त्याच दिवशी कागदावर ठरवले पाहिजे. कागद कायमचे दान देता येतात. मालकी कुटुंबाकडे ठेवून मंडळात ठेवायला देता येतात. किंवा आम्ही प्रतिमा घेऊन मूळ कागद परत करतो. पुष्कळ कुटुंबांना तिसरा प्रकार सोयीचा वाटतो, आणि पणजोबांच्या हातचा कागद घरात राहावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पहिल्या दोन प्रकारांत मंडळाने पावती द्यावी, तिच्यावर कुटुंबातील हक्कदारांपैकी शक्य तितक्यांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत घरी द्यावी. भावाभावांत वाटणी झालेली असेल तर एकाने परस्पर दिलेले कागद दुसरा परत मागू शकतो. तसेच कागद मिळाला म्हणजे छापण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. आजोबांची रोजनिशी मंडळाच्या कपाटात असली तरी तिचा कॉपीराइट त्यांच्या वारसांकडे असू शकतो, म्हणून प्रकाशनाची परवानगी त्याच पावतीत वेगळी लिहून घ्यावी.

हे मी इतके आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. आमच्याच मंडळात पूर्वी एका सदस्याने ओळखीच्या घरातून एक पेटी ‘वाचून परत देतो’ असे तोंडी सांगून आणली होती. नोंद झाली नाही. ते सदस्य वारले. काही वर्षांनी त्या घरातील मुलगा वडिलांच्या सांगण्यावरून पेटी मागायला आला, तेव्हा आमच्याकडे तशा तीन पेट्या होत्या आणि त्यांतली कोणती त्याची हे आम्हाला सांगता येईना. आतल्या पत्रांतील नावांवरून ओळख पटवायला दोन महिने लागले. पेटी परत गेली, पण त्या घरातून पुन्हा एकही कागद आमच्याकडे आला नाही.

फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडावा का? लॅमिनेशन करावे का?

दोन्ही करू नये. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात मुरतो. तो काढताना अक्षरे सुटून येतात. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि प्लॅस्टिक कागदाला कायमचे चिकटतात. एका घरात प्रेमापोटी लॅमिनेट करून भिंतीवर टांगलेली सनद आम्ही पाहिली आहे. तिच्यावर आता कोणताही उपचार सहजी करता येत नाही. जुनी काजळाची शाई उजेडाला टिकते पण पाण्याने पसरते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसणे हाही मोठाच अपघात आहे. धुतलेल्या मऊ सुती कापडात सैल बांधून, भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच, हवा खेळेल अशा जागी ठेवावे. वेखंड किंवा कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी जवळ ठेवण्याची जुनी पद्धत चांगली आहे, मात्र ती कागदाला टेकू देऊ नये. पुण्याच्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून कसर आणि वाळवी पाहावी.

जुनी नाणी, मूर्ती किंवा हत्यारे मंडळाने स्वीकारावीत का?

शक्यतो स्वीकारू नयेत. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात, त्यांतील अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि लहान मंडळाकडे सुरक्षित जागा नसते. पाया खणताना नाणी सापडली तर तो १८७८ च्या निखात निधी कायद्याचा विषय होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक असते. अशा वेळी स्वयंसेवकाने जागेचे छायाचित्र घ्यावे, खोली मोजावी आणि मालकाला योग्य कार्यालयाकडे पाठवावे.

मंडळाची नोंदणी कशी करावी?

सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासदांनी एकत्र येऊन आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा. हा अर्ज राहून गेला की नवी कार्यकारिणी कामाला लागलेली असते, पण कागदोपत्री जुनीच राहते; मग बँक सह्या मान्य करीत नाही, देणगी अडकते आणि ज्यांची नावे दप्तरी आहेत त्यांतील एखादे गृहस्थ परगावी गेलेले असतात.

अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार यांची कामे कोणती?

अध्यक्षांनी सभा चालवावी आणि मंडळाचा शब्द बाहेर पाळला जाईल हे पाहावे. खजिनदारांनी पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नये. कार्यवाहाकडे इतिवृत्त, पत्रव्यवहार आणि संग्रहाच्या नोंदी असतात, आणि मंडळ किती दिवस टिकेल हे बहुधा त्याच्या वह्यांवर ठरते.

भारत इतिहास संशोधक मंडळाचेच उदाहरण पाहावे. राजवाडे असामान्य होते; गावोगाव पायपीट करून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड सिद्ध केले. परंतु पुढे त्यांचा मुक्काम पुण्यातून हलला आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले. संस्था चालू राहिली ती दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे तेथे बसून केलेल्या कामामुळे. संस्थापकाचे तेज आणि चिटणिसाची चिकाटी एकाच माणसात क्वचित असते, म्हणून मंडळ सुरू करणाऱ्याने दुसऱ्या दिवसापासून चिटणीस शोधावा.

वर्षानुवर्षे तेच पदाधिकारी आहेत. नव्यांना वाव कसा मिळावा?

हा प्रश्न बहुतेकदा हळू आवाजात, सभा संपल्यावर विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे : घटनेत कार्यकाळाची मर्यादा असावी आणि ती पाळावी. पण ज्येष्ठ पदाधिकारी खुर्ची सोडत नाहीत यामागे दर वेळी सत्तेचा मोह असतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा सर्व काही त्यांच्या डोक्यात असते, आणि आपण गेलो तर हे कोण सांभाळणार ही त्यांची काळजी प्रामाणिक असते. कोणत्या कपाटाची किल्ली कोणाकडे, कोणत्या घराशी बोलताना कोणता विषय टाळायचा, कोणत्या कागदाच्या दोन प्रती आहेत, हे कोठेही लिहिलेले नसते.

म्हणून पद सोडण्याच्या आधी एक वर्ष सहकार्यवाह नेमावा आणि दर महिन्याला दोघांनी मिळून एक कपाट तपासावे. आमच्याकडे हे केले तेव्हा माझ्या आधीच्या कार्यवाह बाईंनी मला प्रत्येक कप्प्यासमोर उभे करून त्यातील कागद कोणी, कधी, कोणत्या मनःस्थितीत दिले ते सांगितले आणि मी ते वहीत लिहून घेतले. ‘या घरातल्या काकूंना दर दिवाळीला पत्र लिहा, त्यांनी यजमान गेल्यानंतर दहाव्या दिवशी ही पेटी आपल्या हाती दिली,’ असे त्यांनी सांगितले होते. ती वही मंडळाची सर्वांत मोलाची वस्तू आहे असे मी मानतो.

एखादा कागद कोणाच्या घराण्याला किंवा समाजाला अप्रिय वाटेल असा असेल तर?

तो लपवू नये आणि त्याचा गाजावाजाही करू नये. कागद जसा आहे तसा, पूर्ण वाचन देऊन, तो कोठे मिळाला ते सांगून प्रसिद्ध करावा. निम्मा मजकूर देऊन निष्कर्ष काढणे हे आपल्या कामातील सर्वांत मोठे पाप आहे. हयात व्यक्तींचे आजार, कौटुंबिक खटले, दत्तकाचे तंटे अशा मजकुराला मात्र कुटुंबाशी ठरवून काही वर्षांची मुदत घालावी आणि ती नोंदवहीत लिहावी. मंडळाच्या व्यासपीठावरून कोणत्याही पक्षाची बाजू मांडू नये. पदाधिकाऱ्यांनी निवडणुकीच्या काळात हे विशेष जपावे.

आठवणींचे ध्वनिमुद्रण कोणाचे आणि कसे करावे?

आधी वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्यांचे, आणि उद्या नव्हे, याच आठवड्यात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तो दिवस ज्यांनी दहा वर्षांच्या वयात पाहिला ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. जे तेव्हा कर्ते होते त्यांतले फार थोडे उरले आहेत. पुराने किती घरांची कागदपत्रे नेली याची मोजदाद नाही, म्हणून तेथे आठवण हेच साधन आहे. घर गेल्यावर माणसे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली, त्यामुळे नारायण पेठेची आठवण आज नारायण पेठेत मिळेलच असे नाही. शोधत जावे लागते.

मुलाखत घरी, त्यांच्या नेहमीच्या जागी घ्यावी. ‘पूर कसा होता?’ असे विचारले की ऐकीव माहिती येते. ‘त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात काय चालले होते?’ असे विचारावे. एका आजींनी या प्रश्नावर बराच वेळ काही सांगितले नाही, आणि मग पाणी ओसरल्यावर चिखलातून पोळपाट कसा शोधला ते अर्धा तास सांगितले. मधे बोलू नये, चूक दुरुस्त करू नये. चुकीची तारीखही तशीच नोंदवून शेजारी टीप द्यावी. मुद्रणाच्या सुरुवातीला त्यांची संमती आवाजात घ्यावी आणि प्रत घरच्यांना नेऊन द्यावी.

वारसा फेरी नेताना काय सांभाळावे?

पंचवीसपेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, राहत्या वाड्यात आधी विचारल्याशिवाय शिरू नये, आणि कागदातील माहिती व ऐकीव गोष्ट यांतला फरक प्रत्येक थांब्यावर सांगावा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला ही नोंद आहे. रात्री ऐकू येणारी हाक ही लोककथा आहे. लोककथा सांगायला हरकत नाही, पण लोककथा म्हणून. माझ्या आवडीची फेरी कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात शहरात आणलेल्या पाण्याची आहे. जमिनीखालच्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यासाठी वर काढलेली तोंडे, आणि पेठेपेठेतील हौद दाखवीत गेले की लहान मुलांनाही शहराचा चढउतार पायांना कळतो.

कागदांच्या डिजिटल प्रती केल्या की मूळ कागद ठेवण्याची गरज उरते का?

उरते. प्रतिमेत वाळूचे कण, पाणचिन्ह, कागदाची जाडी आणि जोडावरचा दाब दिसत नाही. प्रतिमा किमान ३०० डीपीआयने घ्यावी, बारीक अक्षर असेल तर ६०० ने. फाइलला दाखल क्रमांकाचेच नाव द्यावे आणि तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. एका सदस्याच्या मोबाइलमध्ये असलेला संग्रह हा मंडळाचा संग्रह मानू नये.

मंडळ बंद पडले तर संग्रहाचे काय होते?

संस्था नोंदणी अधिनियमानुसार विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जावी लागते. कोणत्या, हे मंडळ चांगले चालू असतानाच ठरवून घटनेत लिहावे आणि त्या संस्थेची लेखी संमती घेऊन ठेवावी. ठेवायला दिलेले कागद आधी त्या त्या कुटुंबांना परत जातील, दान मिळालेले पुढे जातील, आणि कोणते कोणत्या प्रकारात मोडतात हे केवळ दाखल नोंदवहीवरून कळेल. तिची एक छायाप्रत खजिनदारांच्या घरी असावी. आमची तेथे एका हिरव्या पत्र्याच्या डब्यात, कपाटांच्या दुसऱ्या किल्ल्यांबरोबर ठेवलेली आहे.